अंबूबाईच्या दारावरून

पेठ, २९ जून २०२५

अरिबा बेटा,

काल दुपारी मी दुकानातून जेवायला घरी आलो तर तुझी अम्मी फोन हातात घेऊन ओट्याशी नुसती उभी. मला वाटलं, काही वाईट कळलं. मग म्हणाली, "अरिबा म्हणते, अब्बांना म्हणावं, जियाला बघायला परभणीला या." एवढं बोलली आणि पदर तोंडाला लावला. तीन वर्षांनी तू माझं नाव घेतलंस.

मी तुला फोन केला नाही याचा अम्मीला राग आला आहे. तू माझा नंबर बंद करून ठेवला होतास, तो आता उघडला असशील, पण माझीच हिंमत झाली नाही. म्हणून लिहितो. घरात आपण बोलतो ती बोली मला कागदावर उतरत नाही. मी मराठी शाळेतला, तूही मराठी शाळेतली. तेव्हा मराठीतच.

बोलावलंस, फार बरं वाटलं. पण लगेच येता येणार नाही. शाळा सुरू झाल्या आहेत, युनिफॉर्मचे गठ्ठे पडून आहेत, मशीनवर मी एकटा. गुडघेही धरतात. इकडे पाऊस लागला आहे. घाटात धुकं आहे, नाशिकच्या गाड्या उशिरा येतात. तुझ्या खोलीच्या भिंतीला ओल आली होती, ती दुरुस्त करून घेतली.

तू अम्मीला आणखी एक विचारलंस म्हणे. "ती म्हातारी अजून बाजारात बसते का?" अंबूबाईचं विचारलंस ना. नाही बसत. तू लहान असताना डोंगरापलीकडच्या पाड्यावरून ती सागाच्या पानात बांधून अळंबी आणायची, दुकानाच्या बाकावर बसायची, तुझ्या हातावर करवंदं ठेवायची. आता ती बाजाराला येत नाही. तीन पावसाळे झाले.

वर गुडघ्यांचं लिहिलं ते खरं आहे. पण न येण्याचं कारण ते नाही. ते कसं लिहावं, हे मला आज जमत नाही. पुढच्या पत्रात प्रयत्न करतो. नातीला, जियाला, माझी दुआ सांग. ती मला ओळखत नाही, तरी सांग.

अब्बा


पेठ, ६ जुलै २०२५

अरिबा,

हे पत्र वाचताना शेजारी कोणी नसलेलं बरं.

फराजला मी रानात नेलं, ज्यासाठी तू माझ्याशी बोलणं सोडलंस, तो दिवस तुला माहीत आहे, पण तू घरी होतीस. तिसरा महिना होता तुझा, पाण्याचाही वास सहन होत नव्हता. ईदचा दुसरा दिवस. तुम्ही ओझरहून आला होतात. घरात मटणच मटण, आणि तो मला म्हणाला, "अब्बा, आज काहीतरी हिरवं खाऊ या." मी म्हटलं, "हिरवं नाही, पांढरं खाऊ घालतो."

परभणीच्या सपाट मुलखातला पोरगा तो. ओझरच्या कारखान्यात दिवसभर विमानाच्या पत्र्याखाली काम करायचा, पण असं रान त्याने पाहिलं नव्हतं. ओढा ओलांडला आणि तो मान वर करून ऐकायला लागला. सागाच्या पानांवर पाऊस पडतो तेव्हा कोणीतरी लांबून टाळ्या वाजवतंय असा आवाज येतो, हे त्यानेच मला दाखवलं. तीस वर्षं मी त्या रानात जातो, माझ्या कधी कानावर पडलं नव्हतं. पालापाचोळा पायाखाली दबत होता. मी त्याला सांगत होतो: वीज कडाडून गेली की चौथ्या-पाचव्या दिवशी बघायचं, वारुळाच्या आसपास बघायचं, उभं राहून दिसत नाही, खाली बसायचं. तो खाली बसला आणि ओरडला, "अब्बा, इथे आहे!" वारुळाच्या उतारावर सात-आठ उगवल्या होत्या, छत्र्या अजून पुरत्या न उघडलेल्या. त्याने पहिली उचलून नाकाशी धरली. मग फोन काढला, तुला फोटो पाठवायला. रेंज नव्हती.

त्या चांगल्या होत्या. हे मी शपथेवर सांगतो, त्या पहिल्या अळंब्या चांगल्या होत्या.

पुढे ओढ्याकाठी, झाडांच्या मुळांशी, आणखी सापडल्या. त्याही पांढऱ्या. मोठ्या, सुबक. मी जरा थांबलो. अंबूबाईने मला शिकवलं होतं ते दोन गोष्टींत मावतं. एक, अळंबी मुळासकट उपटायची आणि खाली बघायची, बुडाला वाटी दिसली तर टाकून द्यायची. दुसरी, घरी नेण्याआधी टोपली तिच्या दारात दाखवायची. "तू शिंपी हाय, रहेमानभाऊ," म्हणायची, "कापड तू बघ, हे मला बघू दे." तीस वर्षांत मी एकदाही तिला न दाखवता घरी आणली नव्हती.

फराज उपटायला लागला तर चिखल येत होता. मी म्हटलं, "चाकूने वरच्या वर काप. चिखल घरात नको, अरिबाला मळमळतं." त्याने कापल्या. बुडं मातीतच राहिली.

परतताना पाडा लागला. अंबूबाईचं दार उघडं होतं, आत चूल पेटली होती, धूर दिसत होता. पाऊस वाढला होता. फराज म्हणाला, "अब्बा, दाखवायची ना? तुम्हीच सांगितलंत." आणि मी काय म्हटलं, ते आज लिहितो. मी म्हटलं, "चल रे. तीस वर्षं वेचतोय मी. आता काय दरवेळी म्हातारीची सही घ्यायची?" तो हसला. त्याच्यासमोर मला मोठं दिसायचं होतं. एवढंच होतं ते, अरिबा. जावयासमोर मोठं दिसायचं होतं.

आम्ही तिच्या दारावरून पुढे आलो.

घरी आल्यावर तू दारातच विचारलंस, "अंबूबाईला दाखवल्या का?" मी "हो" म्हणालो. फराज माझ्या मागे उभा होता. त्याने ऐकलं.

तिने पाहिल्या नव्हत्या. तू तिला तीन वर्षं ज्याच्यासाठी दोष देतेस, ते तिने केलंच नव्हतं.

अब्बा


पेठ, १३ जुलै २०२५

अरिबा,

काल तू अम्मीला फोन करून एकच विचारलंस आणि ठेवलास. "पहिल्या दिवशी डॉक्टरांना अब्बांनी काय सांगितलं होतं, ते त्यांना विचार."

मी अम्मीला आधी सांगितलं, मग हे लिहायला बसलो. ती ऐकून घेतल्यावर उठली आणि कपडे वाळत घालायला गेली. बाहेर पाऊस पडत होता. ती तशीच दोरीखाली ओले कपडे घेऊन उभी. तेव्हापासून मला ताट वाढते, पण समोर बसत नाही.

तर, पहिला दिवस. अळंबी संध्याकाळी शिजली. तू वासानेच आत जाऊन पडलीस. अम्मी कधीच खात नाही. मी चार घास खाल्ले, बाकी सगळं जावयाला वाढलं. त्याने भाकरीने पातेलं पुसून घेतलं आणि म्हणाला, "अम्मी, ईद तर आज झाली."

उजाडता उजाडता त्याला उलट्या सुरू झाल्या. तुला आठवत असेल, मी म्हटलं, "तू पडून राहा, मी घेऊन जातो." तुला वाटलं, तुझ्या काळजीपोटी. तेही होतं. पण मला तू तिथे नको होतीस.

आणखी एक, जे कोणालाच माहीत नाही. पहाटेपासून माझ्याही पोटात कळा येत होत्या. तो उठायच्या आधी मी दोनदा बाहेर जाऊन आलो होतो. म्हणजे मला तेव्हाच कळलं होतं. आम्हा दोघांनाच व्हावं, अम्मीला आणि तुला काही नाही, यातून न कळण्यासारखं काय होतं?

डॉक्टरांनी त्याला टेबलावर घेतलं, पोट दाबून पाहिलं आणि थेट विचारलं, "रानातलं काही खाल्लं का? अळंबी वगैरे?" पावसाळ्यात इकडचे डॉक्टर हे विचारतातच. फराजने माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "नाही साहेब, ईदचं मटण जास्त झालं असेल." डॉक्टर हसले, म्हणाले, "दरवर्षी असंच होतं." सलाईन लावलं, गोळ्या दिल्या, दुपारी घरी सोडलं.

मी असं का म्हणालो, हे तीन वर्षं रोज स्वतःला विचारतो. अळंबी म्हटलं असतं तर ते म्हणाले असते, कोणाला दाखवली होती? गाव लहान आहे. संध्याकाळपर्यंत तुला कळलं असतं की मी तुझ्याशी खोटं बोललो. एवढ्याशा खोट्यासाठी. मला वाटलं, उलट्या होऊन निघून जाईल, माझं थांबत आलंय, त्याचंही थांबेल.

रिक्षात त्याने डोळे मिटले होते. मी म्हटलं, "फराज, परत जाऊन सांगू का?" खरंच विचारलं मी. तो म्हणाला, "राहू द्या अब्बा. बरं वाटतंय." मला हवं ते उत्तर मिळालं, आणि मी ते घेतलं. पोरगा आजारी होता, त्याला काय विचारायचं होतं? मी रिक्षा वळवायला हवी होती.

घरी तू विचारलंस, डॉक्टरांना अळंबीचं सांगितलं ना? मी पुन्हा "हो" म्हणालो. "काही नाही म्हणाले."

दुसऱ्या दिवशी त्याला खरंच बरं वाटलं. पेज प्यायला, तुझी थट्टा केली. तू आंघोळीला गेलीस तेव्हा त्याने मला जवळ बोलावलं. "अब्बा, अरिबाला काही सांगू नका. झालं ते झालं. तिला कळलं तर ती तुमच्याशी बोलायची नाही, आणि तुमच्याशी बोलल्याशिवाय तिला करमत नाही."

हे त्याचं बोलणं मी तीन वर्षं वापरलं. मनाशी म्हणायचो, फराजनेच सांगितलं होतं, त्याची शेवटची इच्छा. ती त्याची शेवटची इच्छा नव्हती. आपण जगणार असं वाटणाऱ्या माणसाचं ते बोलणं होतं.

पुढचं तू पाहिलंस. ड्यूटी आहे म्हणून ओझरला गेलात, संध्याकाळी त्याचे डोळे पिवळे. नाशिकच्या मोठ्या दवाखान्यात तू पहिल्याच मिनिटाला अळंबीचं सांगितलंस. डॉक्टर म्हणाले, "लिव्हरवर गेलंय. पहिल्या दिवशी कळलं असतं तर काहीतरी हातात होतं." तू ओरडलीस, "पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, पेठच्या डॉक्टरांना!" तुझा फोन येताच मी पेठहून आलो होतो, तुझ्या शेजारी उभा होतो. तू माझा हात घट्ट धरला होतास.

पेठच्या डॉक्टरांची चूक नव्हती. अंबूबाईची नव्हती.

परभणीला यायचं म्हणतेस. तू ज्या अब्बाला बोलावलंस तो हा नाही. म्हणून येत नव्हतो.

रहेमान


पेठ, २२ जुलै २०२५

अरिबा,

उत्तर आलं नाही. अम्मीचाही फोन तू उचलत नाहीस. तिचा यात काही दोष नाही, तिचा उचल. तिला आत्तापर्यंत काही माहीत नव्हतं.

मी पाड्यावर जाऊन आलो. आधी तिथे जायला हवं होतं, पत्रं मग. पण तिच्यासमोर उभं राहण्यापेक्षा कागद सोपा.

तुला तो दिवस आठवतो का? फराजला दफन करून आपण आलो, आणि चौथ्या दिवशी तू चप्पल न घालता पाड्याकडे निघालीस. मी मागून. बाजूच्या घरांतली माणसं जमली. तू तिच्या दारात उभी राहून म्हणालीस, "तुझ्या डोळ्यांत माती गेली होती का? तू बघून पास केल्यास, माझा नवरा मेला!" अंबूबाई उंबऱ्यात बसलेली, हातात सूप. ती म्हणाली, "पोरी, म्या नाय पाह्यल्या." तू म्हणालीस, "खोटं बोलू नकोस, अब्बांनी दाखवल्या." तिने माझ्याकडे पाहिलं. "रहेमानभाऊ, तू सांग ना."

मी तुझ्या खांद्याला धरून म्हटलं, "चल बेटा, घरी चल."

एवढंच बोललो. सगळ्यांनी ऐकलं. त्यानंतर बाजारात तिच्या टोपलीजवळ कोणी थांबलं नाही.

गेल्या आठवड्यात गेलो तर ती सुनेबरोबर नागलीची रोपं लावत होती. चिखलात वाकलेली. मला बघून सरळ झाली, कमरेला हात लावून. मी बांधावरून म्हटलं, "अंबूबाई, त्या दिवशी मी तुला टोपली दाखवली नव्हती. तुझ्या दारावरून पुढे गेलो होतो."

तिने हातातलं रोप चिखलात खोचलं. मला वाटलं, ऐकू गेलं नाही. परत सांगणार तर म्हणाली, "मंग म्या खरीच व्हते."

मला कळेना.

"तू गप राह्यला ना तवा," म्हणाली, "मला वाटलं, रहेमानभाऊ कशाला लबाड बोलंल. माझंच डोकं फिरलं. म्हातारी झाले, पाह्यल्या असतील अन् इसरले असंल. लय आठवून पाह्यलं म्या. आठवाया लागलं की खरंच आठवायचं, तू आला, टोपली दावली, म्या म्हटलं ने. रातभर तेच. म्हून मी सोडलं. पोरासोरांनी आणली तरी माझ्या घरात शिजू देत नाय. माझ्या डोळ्याचा भरवसाच गेला."

अरिबा, मी समजत होतो की मी फक्त तिचं नाव घालवलं. तिच्या डोक्यातलं खरंसुद्धा मी घालवलं होतं. तीन वर्षं ती बाई स्वतःला खुनी समजत होती.

मी चिखलात उतरून तिचे पाय धरायला गेलो तर ती मागे सरली. रागावून म्हणाली, "रोप तुडवू नको." मग म्हणाली, "मला एकटीला सांगून काय व्हईल? ज्यांच्यापुढं ती पोर मला बोलली, त्यांच्यापुढं सांग. बाजारात सांग."

बाजाराच्या दिवशी मी सांगितलं. भाजीवाल्यांच्या रांगेत, तिची जागा असायची तिथे उभा राहून. आवाज चढेना. कोणी थांबलं, कोणी नाही. किशोर चहावाला म्हणाला, "जाऊ द्या चाचा, आता कशाला उकरून काढता?" मी त्याला म्हटलं, "तू तिला चहा देणं बंद केलं होतंस ना? मग ऐक." त्याने मान खाली घातली. तिच्या पाड्यावरच्या मंगलाबाईने सगळं ऐकून घेतलं, माझ्या अगदी जवळ आली, आणि म्हणाली, "दाढी पांढरी झाली तुझी. लाज नाय वाटली?" मी म्हटलं, "वाटली. म्हणूनच बोललो नाही." ती थुंकली आणि गेली.

दुकानात त्या दिवसापासून दोघांनी कापड परत नेलं. नेऊ देत.

हे तुला कळावं म्हणून लिहिलं. माझ्या बाजूने काही मागणं नाही.

रहेमान


पेठ, ९ ऑगस्ट २०२५

अरिबा,

परवा तू आलीस, ते मी पाहिलं.

नाशिकची गाडी स्टँडवर लागली तेव्हा मी बाही बेतत होतो. तू उतरलीस, आधी पिशवी खाली ठेवलीस, मग जियाला उचलून उतरवलंस. पिवळा रेनकोट तिच्या पायांत येत होता. तू खाली वाकून तो गुडघ्यापर्यंत दुमडलास. दुकान समोरच आहे हे तुला माहीत आहे. तू पलीकडच्या कडेने, छत्री माझ्या बाजूला धरून, पाड्याच्या रस्त्याला लागलीस. मी कात्री हातातच धरून उभा राहिलो.

घरी जाऊन अम्मीला सांगितलं तर तिला माहीत होतं. म्हणाली, "सकाळी फोन आला होता. मला रस्त्यात भेटणार आहे. तुम्ही येऊ नका, असं तिने सांगितलंय." मी परत दुकानात आलो.

तीन तासांनी तुम्ही परतलात. अंबूबाई सोबत होती, डोक्यावर इरलं घेऊन, आणि जिया तिचं बोट धरून चालत होती. अम्मी रडून रडून लाल झालेली. गाडी यायची होती. चौघीजणी शेडमध्ये बाकावर बसलात. अंबूबाईने पदराच्या गाठीतून काहीतरी काढून जियाला दिलं, तिने ते तोंडात घातलं आणि तोंड वाकडं केलं. सगळ्या हसलात. तूही हसलीस. मी तुला हसताना फार दिवसांनी पाहिलं, तेही वीस पावलांवरून.

गाडी लागल्यावर तू दुकानाकडे पाहिलंस. खोटं नको सांगू, पाहिलंस. मी दारात आलो. हात वर करायला गेलो आणि केला नाही, कारण तो पाहून तू वळलीस, असं मला व्हायला नको होतं. तू तशीच वळलीस आणि चढलीस.

गाडी गेल्यावर अम्मी घरी गेली. अंबूबाई दुकानात आली आणि बाकावर बसली. तीन वर्षांनी बसली. मी विचारलं नाही, तिनेच सांगितलं. तू तिच्या उंबऱ्याशी बसलीस म्हणे. "मावशी, मी तुला काय काय बोलले," एवढंच परत परत म्हणत होतीस. तिने तुला भाकरी खाऊ घातली. फराज कसा होता ते विचारलं, आणि तू सांगत राहिलीस. त्याच्याबद्दल तुला कोणी असं विचारलंच नव्हतं, असं तू तिला म्हणालीस. मीही कधी विचारलं नाही. मला भीती होती.

मग मी विचारलं, "माझं काही म्हणाली?"

अंबूबाई म्हणाली, "म्या सांगितलं तिला. म्हटलं, बाप तुझा समोर दुकानात हाय, पोरीला एकदा दाव. तर म्हणाली, नाय जमत मावशी."

"नाही जमत म्हणाली, की अजून नाही जमत म्हणाली?"

तिने विचार केला. अगदी खरोखर विचार केला, कपाळाला आठी घालून. मला वाटलं, माझ्या तोंडाकडे बघून तरी ती "अजून" म्हणेल.

"नाय जमत," म्हणाली. "अजून नव्हतं म्हणाली. मी खोटं नाय सांगायची, रहेमानभाऊ."

मी तिला चहा मागवला. किशोर स्वतः घेऊन आला, कप तिच्या हातात दिला. ती तो पिऊन पाऊस थांबायच्या आत निघून गेली.

अरिबा, मी आता तुला लिहिणार नाही. लिहिलं की तुला उत्तराचं ओझं होतं, न देण्याचंही होतं. अम्मी तुझ्याकडे येत राहील, तिला थांबवू नकोस. जिया मोठी होऊन विचारेल तेव्हा जे घडलं तेच सांग. मला वाचवायचं म्हणून काही कमी करू नकोस.

बसच्या खिडकीत तू तिला मांडीवर घेतलं होतंस. काच बंद होती, बाहेर पाणी ओघळत होतं. ती काचेला नाक लावून रस्त्यावरच्या प्रत्येकाला टाटा करत होती, चहावाल्याला, शेळ्यांना, रिक्षावाल्याला. दुकानावरून गाडी गेली तेव्हा तिने मलाही केला. तिला माहीत नव्हतं मी कोण.

मी केला परत.

अब्बा